अलमारीतले कागद

मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत अन्नपूर्णाची शाळा. चार खोल्या, वर पत्रा, दहावीपर्यंतचे वर्ग. नवऱ्यानं, रत्नाकर मास्तरांनी काढलेली. ते गेले तेव्हा पदरात मूलबाळ नव्हतं, ही शाळाच तेवढी होती. पोरं हिंदी मुलखातली, तिला बड़ी बहनजी, म्हणजे मोठ्या बाई म्हणायची.

पण गणिताची मास्तरीण काही टिकत नव्हती हो. कोणी लग्न होऊन कानपूरला गेली, कोणी कोचिंगवाल्यांनी पळवली, कोणाला सरकारी जागा लागली. आठ वर्षांत अकरा जणी! नवी आली की दहावीची पोरं पहिल्याच दिवशी विचारायची, "मैडम, आप कब जाएँगी?"

अन्नपूर्णा तरी काय करणार? जाणारीची खणा-नारळानं ओटी भरायची नि आत जाऊन रडायची. मग एका वर्षी तिनं युक्ती काढली. नवी मास्तरीण आली की तिची डिग्री, मार्कशीट, सगळे ओरिजिनल कागद घ्यायचे नि अलमारीत कुलपात ठेवायचे. "शाळेचा कायदाच आहे," असं ठोकून द्यायचं. किल्ली कायम कमरेला.

त्यानंतर आली मधुवंती. रेल्वेतल्या बाबूंची लेक, एम.एस्सी., बी.एड. झालेली. ज्यांना पाढे येत नव्हते त्यांना हिनं बीजगणित शिकवलं, नि कधी कोणावर हात उगारला नाही. तीन वर्षं टिकली. अन्नपूर्णाला काकू म्हणायची, एकादशीला हक्कानं साबुदाण्याची खिचडी खायला यायची.

माघात तिला सरकारी शाळेचं बोलावणं आलं. मंगळवारी ओरिजिनल कागद घेऊन हजर व्हायचं होतं. धावतच आली.

"काकू, नंबर लागला माझा! कागद द्या ना."

बोर्डाची परीक्षा महिन्यावर. अन्नपूर्णाच्या तोंडातून निघून गेलं, "अगं, किल्ली वासुदेव घेऊन गेलाय गावाला." वासुदेव म्हणजे शाळेचा कारकून.

"कधी येतील?"

"येईल दोन दिवसांत. एवढी घाई कशाची? मुहूर्त टळतोय का तुझा?"

हसली बिचारी. किल्ली तिथंच होती, अन्नपूर्णाच्या निऱ्यांशेजारी खोचलेली.

वाईट करायचं नव्हतं हो तिला. तिला वाटलं, सरकारी काम, त्यांचं कुठलं वेळेवर होतंय! कागद महिन्यानं दाखवले तरी चालतील, पोरांची परीक्षा तेवढी होऊ दे.

मंगळवारी मधुवंती नुसत्या फोटोकॉप्या घेऊन गेली. तिथल्या बाबूनं हातात धरल्यासुद्धा नाहीत. जागा यादीतल्या पुढच्या पोरीला मिळाली.

बुधवारी शाळेच्या दारातच वासुदेव भेटला. "गावाला? मी तर तापानं घरी पडलो होतो," तो म्हणाला. "आणि किल्ली माझ्याकडे कधी असते? बहनजींच्या कमरेला असते की."

मधुवंती ओरडली नाही, भांडली नाही. वर्गावर गेली. परीक्षेपर्यंत रोज आली, शेवटचं प्रकरण पुरं केलं. एकादशी आली नि गेली, खिचडी तशीच राहिली. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी अन्नपूर्णापुढं उभी राहिली.

"बहनजी, माझे कागद."

काकू म्हणाली नाही.

"आता कुठं जाशील गं? ती नोकरी तर..."

"माहीत नाही. इथं नाही राहायचं."

अन्नपूर्णानं अलमारी उघडली. खण-नारळ पुढं केला. मधुवंतीनं ओढणी पसरली नाही. "राहू द्या," म्हणाली, फाइल छातीशी धरली नि गल्लीत उतरली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच स्वरदा नि लतिका दाराशी उभ्या. दोघी खालच्या वर्गांच्या मास्तरणी.

"आमचेही कागद द्या, बहनजी."

"तुम्ही पण निघालात?"

"नाही हो," लतिका खाली बघत म्हणाली. "पण घरीच बरे."

अन्नपूर्णानं कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "तूच उघड बाई. ज्याचे त्याचे देऊन टाक."

जुलैत शाळा उघडली तेव्हा स्वरदा आली. लतिका आली नाही. गणिताला अजून कोणी नाही.