अळणी वरण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगायचं राहून गेलं — नाही, राहून गेलं नाही, टाळलं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या पंगतीला कधी बसलेले नाहीत.

घरात कुठलंही कार्य असो, माझ्यासाठी एका वाटीत वेगळं, अळणी वरण येतं. बिचारा किती पथ्य सांभाळतो, असं लोक म्हणतात. मला कसलंही पथ्य नाही. माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत — पण हे असं सांगून तुम्हाला काय कळणार?

अक्का माझी थोरली बहीण, पाचोडला दिलेली. तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी ती औरंगाबादला माझ्या घरी राहायला आली. औरंगपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान. ते बंद ठेवून मीच तिला रिक्षानं दवाखान्यात न्यायचो. किडनी कोण देणार? आईला साखर, दाजींचं जुळेना. उरलो मी. माझं सगळं जुळलं.

शेवटच्या होकाराआधी तिथल्या समुपदेशक बाईंनी मला एकट्याला समोर बसवलं. ऑपरेशन कसं होतं, टाके कुठं पडतात, एका किडनीवर माणूस कसा जगतो — सगळं नीट समजावलं. मग म्हणाल्या, "मनात नसेल तर आत्ताच सांगा. घरच्यांना आम्ही 'दाता म्हणून योग्य नाहीत' एवढंच सांगतो. कारण आमच्यापाशी राहतं."

मुलगी लहान होती, दुकान एकट्याचं होतं — ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या खुर्चीत फक्त भीती होती. झोपवतील आणि मी उठणारच नाही. मी नाही म्हणालो.

त्यांनी शब्द पाळला. पण बाहेर आई रडायला लागली, आणि दाजींनी मला विचारलं, "योग्य नाय म्हंजी काय?" मी म्हणालो, माझीच किडनी कमजोर निघाली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नकाराचा हक्क मला होता — हे खोटं मात्र माझं स्वतःचं.

अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःसाठी नव्हे. डायलिसिसच्या पलंगावर ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून मला म्हणाली, "माझं व्हायचं ते व्हईल. तू मीठ सोड आधी." तिला दिलेलं पथ्य तिनं मला लावलं, आईला दोघांचं वरण वेगळं काढायला लावलं. पायात त्राण नसताना खुलताबादच्या दर्ग्यात जाऊन माझ्या नावानं दोरा बांधून आली.

आणि तो अंगठा. सिस्टरनं तिला सूज ओळखायला शिकवलं होतं — नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा राहिला की अंगात पाणी साठलं समजायचं. तिच्या पायावर खड्डा तसाच राहायचा. तरी ती आधी माझी विजार वर सारून माझा पाय दाबायची. खड्डा राहायचा नाही. "बरं हाय," म्हणायची, आणि तिला खरंच हायसं वाटायचं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती, कळतंय ना तुम्हाला? तिचा अंगठा माझ्या पायावर असताना मी तोंड उघडलं असतं, तर अक्का वाचली असती कदाचित. मी खिडकीकडे बघत बसायचो. पावसाळ्याआधी ती गेली.

अजूनही गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरमागं बसून नडगी दाबून बघतो. खड्डा राहत नाही.

परवा भाचीकडे, अक्काच्या लेकीकडे, जेवायला गेलो. तिनं न विचारता ती वाटी माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "आईनं जाता जाता सांगितलंय, मामाला जप." मी वरण भातावर ओतलं, कालवलं, खाल्लं.

"आणखी वाढू का, मामा?"

वाढ, म्हणालो.