हाव, उठलो

डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी व्यंकट कॉम्प्युटरवर टाइप करायचा, "उठला का रे?" पडद्यावर उत्तर यायचं, "हाव, उठलो." मगच तो आम्हा माणसांकडे बघायचा. नांदेडच्या आमच्या छोट्या ऑफिसात नवा आलेला प्रत्येक जण त्याला वेड्यात काढायचा. मीही काढलं होतं.

ते उत्तर त्यानंच लिहून ठेवलेलं. आम्ही एक ॲप करत होतो. साप चावला तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे, ते सांगणारं. स्वतःचा सर्व्हर सांभाळायला आमच्याकडे माणसं नव्हती, म्हणून सर्व्हरलेस घ्यायचं ठरलं. म्हणजे कोड दुसऱ्याच्या यंत्रावर निजलेला असतो, कोणी हाक मारली की उठून काम करतो. प्रश्न होता, कोणाच्या यंत्रावर? एका कंपनीकडे तो क्षणात उठायचा, पण आमचा डेटाबेस तिथे चालेना. दुसरीकडे सगळं चालायचं, पण बराच वेळ कोणी हाक मारली नाही की पहिल्या उत्तराला काही सेकंद लागायचे.

"काही सेकंदांनी काय बिघडतं?" मी म्हणालो.

"सर, निजलेल्याला उठवायला येळ लागतो. साप थांबत न्हाई."

त्याच्या वडलांना सोयाबीनमध्ये साप चावला होता. नेलं त्या दवाखान्यात लस नव्हती आणि दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवरच त्यांनी जीव सोडला. हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

शेवटी दुसरी कंपनी घेतली आणि कोडला झोपूच द्यायचं नाही, असं व्यंकटनं ठरवलं. सारखी हाक मारायचं काम कंपनीकडूनही करून घेता आलं असतं. पण या पठ्ठ्यानं आपला जुना मोबाइल हदगावला आईजवळ चार्जिंगला लावून ठेवला. मोबाइल आपोआप विचारणार, "उठला का रे?" उत्तर आलं नाही, तर आईनं फोन करायचा. "कंपनी झोपंल सर, माय झोपत न्हाई," तो म्हणायचा. आम्ही पोट धरून हसलो होतो.

मग हदगावच्याच रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. तेराव्यानंतर मी त्याचा कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर ओळी सरकत होत्या. उठला का रे? हाव, उठलो. उठला का रे? हाव, उठलो. हदगावचा मोबाइल अजून विचारत होता.

पुढे पहिल्या कंपनीकडे आमचा डेटाबेस चालू लागला. तिकडे गेलो की उठवायची कटकट संपणार होती. पण इकडचा जुना कोड पुसला की हदगावच्या मोबाइलवर येणारं उत्तरही बंद पडणार होतं. हे फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून मीच गेलो.

मावशी, म्हणजे व्यंकटची आई, मोबाइलसमोर बसल्या होत्या. "सकाळी त्याचं आलं की मगच चहा मांडते," म्हणाल्या. मी अडखळत सगळं सांगितलं.

"तिकडं लवकर उठंल का?" त्यांनी विचारलं.

"लगेच, मावशी."

"मग मला काय इचारून राहिलाव? कोणाचं तरी लेकरू वाचंल."

मोबाइल बंद करून त्यांनी तो पदरानं पुसला. "नीज आता राजा. लई उठवलं तुला."

आता किनवटच्या जंगलातल्या गावातून हाक आली तरी उत्तर लगेच जातं. जुना कोड मात्र मी पुसलेला नाही. तो त्या दुसऱ्या कंपनीकडेच निजलाय. त्याला हाक मारून बघावी असं रोज वाटतं. बोटं कीबोर्डवर जातात आणि मी मागे घेतो. काही सेकंद लागतील, पण उत्तर येईल, हे मला माहीत आहे.