बाणाखालचा नंबर

माझा नवरा जयवंत पाट्या करतो. वालीवला आमचा छोटा गाळा आहे; दुकानांच्या, सोसायट्यांच्या पाट्या तिथेच होतात. माणूस शिस्तीचा, इतका की डोकं उठतं. घरात चप्पल वाकडी दिसली तरी सरळ करील. आणि पाटी कितीही लहान असो, खालच्या कोपऱ्यात आमचं नाव आणि फोन नंबर टाकणारच. त्यावरूनच पुढची कामं येतात.

गेल्या वर्षी एका निसर्ग मंडळाने चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेवर दिशा दाखवणाऱ्या पाट्या मागितल्या. स्वारी भलतीच खूश. ऐन मे महिन्यात स्वतः वाट फिरून आला. एका फाट्यावर डावीकडची वाट ओढ्यातून जात होती, ओढा ठणठणीत कोरडा. त्या वाटेवर एक फांदी आडवी पडलेली. यानं ती उचलून बाजूला ठेवली आणि तिथेच डावीकडचा बाण रोवला. फांदी जवळच्या पाड्यावरच्या धोंडूबाईंनी मुद्दाम टाकली होती. पावसाळ्याआधी तिथले लोक अशीच वाट बंद करतात. आम्ही फ्लॅटमधली माणसं, आम्हाला फांदी म्हणजे कचरा.

जुलैत त्या ओढ्यात विरारचा कौस्तुभ नावाचा मुलगा वाहून गेला. बातमी वाचून जयवंत तसाच तिकडे धावला. धोंडूबाईंकडून सगळं ऐकलं आणि पाटी उपटून घरी आणली. त्याला कोणी जाब विचारला नाही. मंडळवाले म्हणाले, हल्लीची पोरं ऐकतच नाहीत. अहो, ऐकलं म्हणून तर गेला ना तो.

तेव्हापासून नळ सोडला तरी हा दचकतो. कुठे बाण दिसला, अगदी पार्किंगचा असला, तरी तो कुठे नेतो ते चालत जाऊन बघतो. आणि मग ते फोन सुरू झाले. भर दुपारी गाळ्यात फोन वाजायचा, पलीकडे फक्त श्वास. त्याच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते. हा मात्र फोन कानाला लावून गप्प उभा. "ठेव ना," म्हटलं की म्हणायचा, "तोच मुलगा आहे." खरं सांगते, मला भीती वाटायची. कळंबच्या किनाऱ्यावरच्या पायवाटेचं काम आलं, तर यानं एकही बाण काढला नाही. नुसती कोरी पाटी पुसत बसायचा. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत हातचा चालला होता.

शेवटी एकदा मीच फोन हिसकावला. "कोण असाल ते असा, बोला तरी. नाहीतर इथे येऊन शिव्या घाला. पण हे बंद करा."

दुसऱ्या दिवशी एक बाई गाळ्यात आल्या. "मी विनिता. कौस्तुभची आई." त्यांनी मोबाइल पुढे केला. फाट्यावरून मुलानं पाठवलेला फोटो होता. त्यात तो बाण, आणि कोपऱ्यात आमचा नंबर.

जयवंत उठून उभा राहिला. "तिथे फांदी होती. मी बाजूला केली. पाटी माझीच."

मला वाटलं, आता या त्याच्या थोबाडीत मारणार. मारलं असतं तर मी आडही आले नसते. पण त्या स्टुलावर बसल्या.

"रोज एकच सांगायला फोन लावते, आणि तोंड उघडत नाही," त्या म्हणाल्या. "घरात कोणालाच सांगितलेलं नाही. फोटो पाठवून त्यानं विचारलं होतं, आई, पाणी आहे, जाऊ का? मी म्हटलं, पाटी लावलीय ना, मग जा."