घेणाऱ्याचं नाव

मोंबासात एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर म्वाडिमेने आणि मी अठरा वर्षं क्लिअरिंग एजंटचं काम केलं. जहाजातून उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा, ट्रकवर चढवायचा आणि कंपाला, किगालीकडे धाडायचा. कागदावरची नावं म्वाडिमे इतक्या झपाट्याने उतरवायचा की वाचतो तरी का, असा मला संशय यायचा. लोकांचे संसार पोचवतोस, स्वतःचा कधी मांडणार, असं मी चिडवायचो. तो हसायचा आणि भिंतीकडे तोंड करून एकटाच डबा खायचा. रविवारीही ऑफिसात येऊन बसायचा. मला हे ठाऊक होतं, पण एकदाही मी त्याला घरी जेवायला बोलावलं नाही. आता त्याची लाज वाटते.

त्याचा थोरला भाऊ म्वाचोफी दोहात क्रेन चालवायचा. त्या दोघांना दुसरं कुणी नव्हतं. मार्चमध्ये म्वाचोफी तिकडेच वारला आणि विमानाने, मालाबरोबर, त्याची शवपेटी आली. तैता डोंगरातल्या त्यांच्या गावी आईच्या कबरीशेजारी खड्डा खणून तयार होता. खणलेली कबर रात्रभर उघडी ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत या, असं गावच्या म्हाताऱ्यांनी बजावलं होतं. वाट चार तासांची, आणि दुपारचा एक वाजून गेला होता.

विमानतळाच्या गोदामात मी सोबत होतो; म्वाडिमेने नेहमीच्याच झपाट्याने अर्ज भरला. खिडकीतल्या कारकून रुकियाने तो परत सरकवला.

"काका, घेणाऱ्याच्या जागी गेलेल्याचंच नाव लिहिलंत. ताब्यात कोण घेणार?"

"मी एजंट आहे ना. खाली लिहिलंय बघ."

"एजंटला नाही देता येत. घरचं माणूस लागतं."

त्याने कागदांचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. नाव सापडत नसलं की चाळायचा तसाच. शेवटचं पान उलटून झालं, तरी तो त्या पानाकडेच बघत राहिला.

"घरचं म्हणजे मीच," तो हळूच म्हणाला.

खाडाखोड करून त्याने आपलं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं. शिक्का बसला.

पेटी गाडीत चढवून झाल्यावर त्याने विचारलं, "माझ्या वेळी घेणाऱ्याच्या जागी तुझं नाव चालेल का रे?"

मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, चल, उशीर होतोय.