निरोगी रक्त

आमच्या सिंगापूरच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींमधली एन्झाइमं निरोगी पेशींशी ताडून पाहतात. निरोगी रक्त नेहमी आंटींचं, म्हणजे आमच्या जुन्या चिनी तंत्रज्ञ बाईंचं. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं. रक्त द्यायला बाही वर करताना सिंगापुरी लकबीत म्हणायच्या, "सांडू नको, लाह. सकाळच्या लक्साच्या नूडल्स आहेत त्यात."

परवा चाचणीच्या जेलवर रुग्णाच्या आणि आंटींच्या पेशींमधल्या एन्झाइमांच्या पट्ट्या अगदी सारख्या उमटल्या. माझ्याच हातून नळ्या बदलल्या असणार म्हणून मी माफी मागितली. त्यांनी ताजं रक्त देऊन स्वतः पुन्हा तपासलं. पट्ट्या तशाच आल्या. मग त्यांनी आपली नळी उचलून रुग्णांच्या स्टँडमध्ये ठेवली आणि माझी बाही वर सरकवली.

"आजपासून निरोगी तू," त्या म्हणाल्या. "खाऊन आलीस ना?"