लिफ्टवाल्याचं विमान

तीस वर्षं मी लिफ्टची कामं केली. वाशीतल्या सोसायट्या, बेलापूरची सरकारी ऑफिसं, तुर्भ्यातल्या कारखान्यांच्या मालवाहू लिफ्ट, सगळीकडे हात काळे केले. विसाव्या मजल्याच्या उंचीवर लिफ्टच्या टपावर उभं राहून मी ग्रीस मारलंय आणि तिथेच बसून डबाही खाल्लाय. आणि असा मी विमानाला घाबरायचो. तिकिटाचं नाव काढलं तरी तोंडाला कोरड पडायची आणि हातपाय गार व्हायचे. हे सांगायचं कोणाला? लिफ्टवाला उंचीला घाबरतो म्हटलं तर लोक माझ्या लिफ्टमध्ये बसायचे नाहीत.

खरं तर मी उंचीला घाबरत नव्हतोच. लिफ्टचा प्रत्येक आवाज मला ओळखीचा होता. दोर कुरकुरला, ब्रेक लागला, दाराची पट्टी घासली, खाली उभा राहून डोळे मिटून मी सांगू शकत असे. विमानाचं मला काहीच माहीत नव्हतं. जे कळत नाही त्यात जाऊन बसायचं आणि वर पट्टाही बांधून घ्यायचा, हे माझ्या बुद्धीला पटतच नव्हतं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात तो शिकवला होता. लिफ्ट अडकली आणि आत माणूस असेल तर मुक्यानं काम करायचं नाही. बाहेरून सतत बोलत राहायचं आणि कुठलाही आवाज करायच्या आधी तो सांगायचा. ‘आता वरून खट्ट होईल, तो मी ब्रेक सोडतोय. आता लिफ्ट हातभर खाली येईल, ती मीच आणतोय.’ सांगून केलेल्या आवाजाला माणूस घाबरत नाही. अशी कितीतरी रडकुंडीला आलेली माणसं मी नुसतं बोलून शांत केली आहेत. घरी मात्र मी स्वतःच कुलूप लावलेल्या दारासारखा होतो. भीतीबद्दल कोणाशी चकार शब्द नाही.

मुलगी लग्न होऊन अंदमानला गेली तेव्हा मी आणि बायको तिचं बिऱ्हाड लावून द्यायला निघालो होतो. तेव्हा आमच्याकडे विमानतळ नव्हता, मुंबईला जावं लागे. बायकोनं चार दिवस खपून चकल्या केल्या होत्या, मुलीच्या आवडीचं लिंबाचं लोणचं बरणीत भरून बॅगेत टाकलं होतं आणि स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या होत्या. तीही आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार होती. बॅगा दिल्या, आत गेलो, तपासणीच्या रांगेत उभे राहिलो आणि माझे पायच उचलेनात. मी म्हटलं, ‘मला नाही जमायचं.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. ती एकटी जाऊ शकली असती, मी तसं म्हणालोही.

‘तुम्हाला असं सोडून कुठे जाऊ?’ ती म्हणाली. ‘चला घरी.’

आत दिलेल्या बॅगा परत मिळेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसून होतो. घरी येताना टॅक्सीत तिनं पिशवी उघडून मला चकली दिली. पुढच्याच वर्षी ती गेली. विमानात न बसताच गेली, आणि ते माझ्यामुळे. लोक म्हणतात, असं मनाला लावून घेऊ नये. मी लावून घेतलंय.

त्यानंतर एका दिवाळीला मी मुलीकडे जायचं तिकीट काढलं आणि आदल्या दिवशी ताप आल्याचं कळवलं. ताप कसला नि काय! ‘काळजी घ्या, बाबा,’ एवढंच ती म्हणाली. तिला कळलं होतं आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं.

मग ती गरोदर राहिली. पहिलंच बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात माझ्याकडे येणार होती. मी घराला रंग काढला, पंखे पुसले, खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून डिंकाच्या लाडवांची कृती लिहून आणली. आणि एका सकाळी तिचा फोन आला.

‘बाबा, बीपी वाढलंय. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, पडून राहायला सांगितलंय. बाळंतपण इथेच.’

जावई बोटीवर नोकरीला, महिन्यातले पंधरा दिवस समुद्रात. तिच्या सासूबाईंचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या साताऱ्याला.

‘मग तुझ्याजवळ कोण असेल?’ मी विचारलं.

‘बघते काहीतरी. तुम्ही नका टेन्शन घेऊ.’

तुम्ही या, असं ती म्हणाली नाही. मी वाट पाहिली, पण तिनं डॉक्टरांचं आणखी काहीबाही सांगून फोन ठेवला. दिवसभर मला तेच डाचत होतं. पोरगी हजार मैलांवर एकटी पडून आहे आणि आपल्या बापाला बोलवायचं तिच्या मनातसुद्धा येत नाही. म्हणजे मी किती कामाचा उरलो?

पळवाट मी शोधलीच, खोटं कशाला बोलू? चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे बोट. चौकशी केली तर बोट कधी सुटेल याचा पत्ता नाही आणि सुटली तरी तीन-चार दिवस पाण्यावर. तेवढ्यात पोरगी बाळंत झाली तर? मुकाट्यानं सेक्टरातल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेलो आणि विमानाचं तिकीट काढलं, चेन्नईला विमान बदलायचं. मुलीला काही कळवलं नाही. दोनदा तोंडघशी पडलेला माणूस तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगणार?

सांगितलं फक्त सकाळी फिरायला बरोबर येणाऱ्या मित्राला. हा मूळचा इथलाच, खाडीकाठच्या गावचा. त्याचं शेत नव्या विमानतळात गेलं. त्यानं मला स्कूटरवर मागे बसवलं आणि उलव्याच्या बाजूला रस्त्याकडेला नेऊन उभं केलं. समोरून विमानं उतरत होती.

‘बघ,’ तो म्हणाला. ‘तिथं कुठंतरी आमचं शेत हाय. म्हंजे व्हतं. पावसात येवढा चिखल की बैल रुतायचा, चौघांनी मिलून काढायचा. आन आता येवढा मोठा विमान उतरतंय, रुतत नाय. तू कशाला घाबरतंस?’

या युक्तिवादात काही अर्थ नव्हता, पण मला हसू आलं. आठवडाभर आम्ही रोज सकाळी तिथे जात होतो. तो टपरीवरचा चहा पाजायचा आणि प्रत्येक विमान उतरलं की म्हणायचा, ‘हा बी नाय रुतला.’

जायच्या दिवशी त्यानंच मला विमानतळावर सोडलं. मी आत जाईपर्यंत तो स्कूटरपाशी उभा होता. मी परत फिरेन असा त्याला संशय असावा. मला तर खात्रीच होती. पण तपासणीच्या रांगेत पाय जड झाले तेव्हा मुलीचं ‘बघते काहीतरी’ हे वाक्य आठवलं आणि मी पुढे सरकलो. काउंटरवर जागा मागताना मी सवयीनं म्हटलं होतं, ‘दाराजवळची द्या.’ मेकॅनिकनं नेहमी दाराजवळ असावं. त्यामुळे मला अगदी पहिल्या रांगेत खिडकीशी जागा मिळाली.

दार बंद झालं. विमान हळूच मागे सरकायला लागलं. आणि पायाखालून आवाज आला. घुर्र, घुर्र, घुर्र. कुत्रं भुंकावं तसा, थांबून थांबून. तो आवाज ऐकला मात्र, माझी भीती कुठल्या कुठे पळाली आणि माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. पट्टा सोडून मी उभाच राहिलो.

‘थांबवा! खाली पंप जातोय!’

शेजारचे गृहस्थ ‘अंकल, बैठ जाओ’ म्हणून ओरडले. मागून माना वर झाल्या. हवाईसुंदरी धावत आली. चोवीस-पंचवीसची मुलगी, छातीवरच्या पाटीवरचं आडनाव मराठी.

‘काका, आधी बसा. काय झालं?’

‘बेअरिंग गेलंय. पंप कोरडा चाललाय. तुमच्या मेकॅनिकला बोलवा.’

‘तुम्ही विमानाचं काम करता?’

‘लिफ्टचं,’ मी म्हटलं.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. ‘काका, हा आवाज रोजचाय. एका बाजूला प्रेशर कमी असलं ना, की दुसऱ्या बाजूचं तिकडे देणारा पंप आहे. तो असाच वाजतो. रोज कोणीतरी विचारतंच.’ मग माझा पट्टा लावता लावता म्हणाली, ‘पण लिफ्टचं काम? बाप रे. मी लिफ्टमध्ये बसतच नाही. तुर्भ्याला सातव्या मजल्यावर राहते, रोज जिना.’

‘का?’

‘दोर तुटला म्हणजे?’

मला रागच आला. ‘अहो, एक दोर नसतो. चार-पाच असतात आणि एकेकटा अख्ख्या लिफ्टचं वजन पेलतो. सगळे तुटले तरी लिफ्ट दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडून जागच्या जागी थांबते. विमानात बसता आणि लिफ्टला काय घाबरता?’

‘आणि तुम्ही?’ ती म्हणाली.

ती दाराशेजारच्या आपल्या घडीच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची नेमकी माझ्यासमोर, तोंडासमोर तोंड. भीती परत आली होती. शेजारच्याला दिसू नये म्हणून मी हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. आणि मग तीस वर्षं इतरांना जे देत आलो ते मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी मागितलं.

‘एक कराल का? आवाज व्हायच्या आधी सांगाल? मला भीती वाटते.’

तिनं मान हलवली. ‘आता इंजिन जोरात ओरडेल आणि पाठ सीटला चिकटेल,’ ती म्हणाली, आणि तसंच झालं. ‘आता खाली खडखड थांबेल, आपण उचललो गेलो.’ थांबली. ‘आता धप्प होईल, चाकं आत.’ धप्प झालं. ‘आता इंजिनाचा आवाज एकदम कमी होईल. बंद नाही पडत हं काका, कमी करतात.’ हे तिनं सांगितलं नसतं तर मी तिथेच प्राण सोडला असता. आवाज कमी झाला आणि मी सावकाश श्वास सोडला.

‘आता बाहेर बघा,’ ती म्हणाली.

खाली खाडी होती. तिवरांची हिरवी झाडी, पाण्याचे वळसे, पलीकडे आमच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या. त्यातल्या कितींच्या लिफ्ट मी बसवल्या असतील! खिडकीच्या काचेला नाक लावून मी बघत बसलो आणि बायकोची अशी काही आठवण आली की डोळे भरून आले. ही जागा तिची होती. तिनं मला सगळ्या इमारती बोट दाखवून विचारल्या असत्या, ही कुठली, ती कुठली. शेजारच्या गृहस्थांनी मला कागदी रुमाल दिला. त्यांना वाटलं असेल, घाबरून रडतोय. वाटू दे.

चेन्नईला उतरताना ती मुलगी म्हणाली, ‘आज लिफ्टनं जाऊन बघते, काका. एखादा मजला.’

‘आत शिरल्यावर मनात पाच दोर मोजा,’ मी सांगितलं.

पुढच्या विमानात सांगणारं कोणी नव्हतं, तेव्हा माझं मीच पुटपुटत होतो. ‘आता धप्प होईल. आता कमी होईल.’ बाजूची बाई थोडी सरकून बसली. उतरण्याआधी विमान ढगात दणादण हाललं, त्याबद्दल मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या सीटची पाठ मी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि रामरक्षा सुरू केली. ती अर्धीच येते. अर्धी संपली की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात खाली हिरवी बेटं दिसली.

मुलीच्या क्वार्टरवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. दार एका अनोळखी बाईनं उघडलं. मुलीनं सोबतीला ठेवलेली असावी. आतल्या खोलीत मुलगी कुशीवर पडली होती, पाय सुजलेले, पायांखाली दोन उशा. मला पाहून ती एकदम उठायला लागली.

‘पडून राहा,’ मी म्हटलं.

‘बाबा? बोटीनं आलात?’

‘विमानानं. दोन विमानांनी.’

ती बघतच राहिली. मग उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मी कॉटच्या कडेवर बसलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ती लहान असताना ठेवत असे तसा.

‘मी तुम्हाला मुद्दामच विचारलं नाही,’ ती म्हणाली. ‘आई असती तर विचारावं लागलं नसतं. तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर ते मला या अवस्थेत सहन नसतं झालं, बाबा.’

ती रागावली असेल, तिनं मला मोडीत काढलं असेल, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. ती तर माझ्या नकाराला घाबरत होती.

‘आता विचार,’ मी म्हटलं.

तिनं ओढणीनं नाक पुसलं. मग लहान आवाजात म्हणाली, ‘बाळ होईपर्यंत राहाल?’

‘राहीन.’

‘आणि झोपायला इथेच, याच खोलीत? मला एकटीला फार भीती वाटते.’

मी उठलो, बाहेरच्या खोलीतली माझी बॅग आणली आणि तिच्या कॉटखाली सरकवली.