इंजिनाचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या त्या मालवणी मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या जुन्या जीपचं इंजिन त्याने नव्याने बांधलं, ते चालू केलं आणि तो नारळ ठेवून, डोळे मिटून देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे मोठ्याने मागणं मागायला लागला. तेवढ्यात तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढला. मी घाबरलो. पण गाऱ्हाणं मध्येच तोडतात कुठे! त्याने एकच डोळा उघडला, पाना उचलून पाण्याच्या नळीवरचा स्क्रू सैल केला आणि त्याच सुरात म्हणाला, "अडकलेली हवा भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला साथ द्यायची म्हणून गॅरेजातले आम्ही सगळे ओरडलो.

फुस्स झालं. काटा उतरला. तो खदखदून हसला.

"देवाक सांगूचा, पण पानो आपल्या हातात ठेवूचो."

आता चढावर काटा जरा हलला, की जीपमध्ये मी एकटाच ओरडतो, "व्हय म्हाराजा!" पाना शेजारच्या सीटवर असतोच.